दोन उजवे

धाकट्याचं डोकं तपासून घ्यायला हवं, असं भावजय पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मोठा कवळीला पॉलिश करत होता. त्याने यंत्र बंद केलं नाही. घरघरीतूनच म्हणाला, "तपासायला आधी असावं लागतं."

असं बोलणं हा मोठ्याचा मुख्य धंदा होता. कवळ्या तो जोडधंदा म्हणून करायचा. निदान दातांचे डॉक्टर त्याच्या माघारी तसं म्हणत. समोर मात्र "मास्तर, मास्तर" करत, कारण त्याच्यासारखा हात शहरात दुसरा नव्हता. त्याने बनवलेली कवळी घालून माणसाने आ वासून जांभई दिली तरी शेजाऱ्याला संशय येत नसे. मोठा डावखुरा होता. लहानपणी त्यापायी त्याने बोटांवर पट्ट्या खाल्ल्या होत्या, आणि मोठेपणी त्याचा सूड असा उगवला की उजव्या हाताने काम करणारं सगळं जग त्याच्या लेखी डावं ठरलं. लग्न त्याने केलं नाही. मुली पाहिल्या होत्या, पण एकीचेही दात पसंत पडले नाहीत.

कारखाना म्हणजे घराच्या तळमजल्यावरची एक लांबट खोली. खिडकीपाशी मोठ्याचं टेबल, आतल्या भिंतीशी धाकट्याचं. दोन्हींच्या मध्ये मेण वितळवायचा स्पिरिटचा दिवा, आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी धूळ. भावजय, म्हणजे धाकट्याची बायको, दाराशी बसून डॉक्टरांचे फोन घ्यायची आणि तयार माल पाकिटात भरायची. धाकट्याच्या टेबलाच्या वर, भिंतीत उंच, एक खिळा होता आणि त्या खिळ्याला तारेने टांगलेली एक वरची कवळी. ती तिथे का होती हे शहरातल्या प्रत्येक दातांच्या डॉक्टरला पाठ होतं, कारण मोठ्याने ते प्रत्येकाला सांगितलं होतं.

ती एका निवृत्त न्यायाधीशांची कवळी. माणसाला वर दोन सुळे असतात, एक डावा, एक उजवा, आणि ते जोडीतल्या चपलांसारखे एकमेकांच्या उलट असतात. ह्या कवळीत दोन्हीकडे उजवेच बसले होते. न्यायाधीश हसले की उजवीकडून ते स्वतः हसत आणि डावीकडून भलताच कुणी दात विचकतोय असं वाटे. त्यांच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कवळी परत पाठवली. मोठ्याने पाकीट उघडलं, सुळे पाहिले, आणि कारखाना डोक्यावर घेतला.

"हा कुणाचा पराक्रम?"

धाकटा प्लास्टर कालवत होता. त्याने कवळी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. मग भावाच्या तोंडाकडे पाहिलं.

"माझा," तो म्हणाला. "माझंच चुकलं, दादा."

झालं. मोठ्याला जन्माची गंमत सापडली. त्याने स्वतःच्या हाताने खिळा ठोकला आणि कवळी टांगली, म्हणजे मान वर केली की दिसावी. धाकट्याचं नावच त्याने 'दोन उजवे' ठेवलं. "मी डावखुरा असून उजवा ठरलो," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "आणि ह्याच्याकडे दोन दोन उजवे असून हा डावाच राहिला." लोक हसत. धाकटाही हसे. त्याचं ते ओशाळं हसू बघितलं की मोठ्याला आणखी चेव येई.

त्यानंतर धाकट्याचं लक्ष उडालं. दिव्यावर मेण ठेवून हा भिंतीकडे बघत बसे आणि मेण उतू जाई. प्लास्टरमध्ये पाणी किती घातलं ते विसरे. भर दुपारी हातात कानस घेऊन पेंगायचा. हाक मारली की दचकायचा. घरात कुणाशी बोलेना, जेवणाकडे लक्ष नाही, बायकोने काही विचारलं की "हं" म्हणून मोकळा. आणि मोठ्याच्या वस्तू जागेवरून हलायला लागल्या, तो वेगळाच ताप. सुरी दिव्याजवळ ठेवावी तर ती खिडकीत सापडे. एकदा तर चष्मा प्लास्टरच्या डब्यात निघाला. "स्वतःचं डोकं हरवलंय ते हरवलंय," मोठा ओरडला, "आता माझं सामानही हरवायला निघालाय." धाकटा उठून चष्मा धुऊन आणे.

भावजय ही गोष्ट तोंड मिटून बघणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कारखान्याने धाकट्याला बोलावलं होतं. महिनाअखेरीस त्यांना हो-नाही कळवायचं होतं. तिने मोठ्याला स्पष्ट सांगितलं, "दादा, एक तर ह्याचा छडा लागला पाहिजे, नाहीतर आम्ही चाललो. हे असं मी रोज बघू शकत नाही."

"जा की," मोठा म्हणाला. "तिकडे न्यायाधीश पुष्कळ असतील."

म्हणाला खरा, पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. आईवडील लवकर गेले होते. धाकट्याचे दुधाचे दात पडले ते मोठ्याच्या तळहातावर, पहिलं मेण त्याने कोरलं ते मोठ्याच्या मांडीवर बसून. हा गेला तर आपण ह्या खोलीत प्लास्टरच्या जबड्यांशी बोलत मरू, हे मोठ्याला चांगलं ठाऊक होतं. पण "जाऊ नकोस" म्हणण्यापेक्षा त्याने स्वतःच्या दाढा पकडीने उपटून दिल्या असत्या.

म्हणून चार दिवसांनी भावजय एक गुळगुळीत पत्रक घेऊन आली तेव्हा त्याने नाही म्हटलं नाही. गाद्यांच्या दुकानावर एक नवीन केंद्र निघालं होतं. 'मूड जातो? लक्ष लागत नाही? मेंदूतलं रसायन तपासा.' शेजारी निळ्या मेंदूचं चित्र, त्यातून विजा निघताहेत. "सख्ख्या भावाचाही नमुना लागतो म्हणे," भावजय पत्रकाकडे बघत म्हणाली. "तुलना करायला."

"येतो ना," मोठा म्हणाला. "धड मेंदू कसा असतो ते त्यांनाही एकदा कळू दे."

केंद्रात शिरल्या शिरल्या मोठ्याचा आत्मा तृप्त झाला. भिंती पांढऱ्या, खुर्च्या पांढऱ्या, कोपऱ्यात पाणी झुळझुळणारा एक दगड, आणि खालून गाद्यांच्या नव्या कापसाचा वास. पांढरा कोट घालून समोर आलेल्या समुपदेशकाला त्याने जबड्याच्या ठेवणीवरून ओळखलं. चारेक वर्षांपूर्वी हाच गृहस्थ कारखान्यात पाण्याचे फिल्टर विकायला आला होता. तेव्हा पुढचे दोन दात किडके होते, आता सगळे टोपणं चढवून चुन्यासारखे केले होते.

"काय फिल्टरवाले," मोठा म्हणाला, "आता मेंदू गाळता वाटतं?"

फिल्टरवाला हसला. त्याला हसण्याचेच पैसे मिळत असावेत. त्याने समजावून सांगायला सुरुवात केली. मेंदूत रसायनं असतात. डोपामिन असतं, सेरोटोनिन असतं. त्यांचं संतुलन ढळलं की मन उदास होतं, कामात लक्ष राहत नाही. लोक वर्षानुवर्षं अंधारात चाचपडतात, आणि उत्तर असतं आपल्याच थुंकीत.

"रसायन मेंदूत," मोठा म्हणाला, "आणि तुम्ही शोधताय तोंडात?"

"सर, शरीरात सगळं एकमेकांशी जोडलेलं असतं."

"खरंय. तुमचा हात माझ्या भावाच्या खिशाशी जोडलेला मला इथूनच दिसतोय."

भावजयीने ओठ चावला. धाकटा खाली मान घालून बसला होता. फिल्टरवाल्याने काहीच न ऐकल्यासारखं करून दोन नळ्या पुढे केल्या, बारीक, निळ्या झाकणाच्या. खुणेच्या रेघेपर्यंत थुंकायचं होतं. धाकट्याच्या तोंडाला कोरड पडली होती. तो गाल आत ओढून बराच वेळ झगडला तरी नळीत फेसाचे दोन थेंब पडले. मोठ्याने एका दमात रेघ ओलांडली.

"आजवर उघड्यावर थुंकत आलो," तो म्हणाला. "पदरमोड करून नळीत थुंकायची वेळ आज आली." आणि फिल्टरवाल्याने ती नळी दोन्ही हातांनी घेतली तेव्हा त्याला राहवेना. "थुंकी झेलणारे पुष्कळ पाहिलेत मी. पण नळी लावून झेलणारा तुम्ही पहिलाच."

मग प्रश्न. झोप लागते का, भूक लागते का, गोष्टी विसरता का. धाकटा एका शब्दात उत्तरं देत होता. मोठ्याची पाळी आली तेव्हा तो खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "माझ्या आठवणीचं काय विचारता? शहरातली कुठलीही कवळी आणा, हिरडी बघून सांगतो कुणाच्या हातची ती. उजव्या हाताचे लोक मेणाच्या हिरडीत दाताच्या मुळाशी कमान कोरतात ना, शेवटी सुरी उचलताना एक बारीक शेपूट राहतं. त्यांचं शेपूट एका बाजूला पडतं, माझं बरोबर उलट. अख्ख्या शहरात उलट्या शेपटाच्या कवळ्या फक्त माझ्या." मग ओघात आलंच म्हणून त्याने दोन उजव्यांची गोष्ट सांगितली. न्यायाधीश कसे हसले इथपासून डावा आणि उजवा इथपर्यंत, साभिनय. फिल्टरवाला पोट धरून हसला. धाकटा हसला.

नळ्यांवर चिठ्ठ्या डकवून झाल्या. सगळे उठले. दारापाशी मोठा थबकला. ह्या माणसाला आपली सर्वांत चांगली गंमत सांगायची राहिलीच की. "तुम्हाला दोन उजवे माहीत नाहीत," तो वळून म्हणाला, आणि न्यायाधीश कसे हसले इथपासून त्याने सुरुवात केली. तेच शब्द, त्याच जागी थांबणं, शेवटी डावा आणि उजवा. फिल्टरवाला अंमळ गोंधळला, मग व्यवसाय आठवून पुन्हा हसला. धाकटाही पुन्हा हसला. भावजय मात्र जमिनीकडे बघत होती. हिला विनोदाचं अंग नाही, हे मोठ्याचं जुनं मत होतं. जिना उतरताना त्याने ते बोलूनही दाखवलं.

आठवड्याभराने अहवाल आले. चकचकीत कागद, रंगीत पट्ट्या. धाकट्याच्या सगळ्या पट्ट्या लाल. डोपामिन तळाला, सेरोटोनिन त्याच्याही खाली, आणि सोबत सहा महिने पाण्यात कालवून घ्यायच्या पुड्यांची शिफारस. पुड्या अर्थातच केंद्रातच मिळत होत्या. मोठ्याच्या सगळ्या पट्ट्या हिरव्यागार. खाली लिहिलं होतं, 'आपल्या मेंदूचं संतुलन उत्तम असून स्मरण व एकाग्रता वयाच्या मानाने असाधारण आहे.'

माणूस किती लवकर शास्त्राला शरण जातो ते त्या सकाळी बघण्यासारखं होतं. मोठ्याने तो कागद आपल्या टेबलासमोर खिडकीच्या चौकटीवर चिकटवला. दोन डॉक्टरांचे फोन आले, दोघांना वाचून दाखवला. "काही म्हणा, मशीन खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "फिल्टरवाला असेना का, माणूस सुधारू शकतो." मग त्याने वळून धाकट्याच्या लाल पट्ट्यांकडे बघितलं. "तुझं मात्र अवघड आहे, दोन उजवे. ह्यांच्या पुड्या खाऊनही डावा सुळा काही उगवायचा नाही."

 धाकट्याच्या हातात अर्धवट मेण होतं, ते तो नुसताच दाबत होता. भावजयीने पाकीट खाली ठेवलं.

"दादा," ती म्हणाली, "गेल्या आठवड्यात हे सगळं थोतांड होतं ना?"

"थोतांडच होतं. म्हणजे, दिसायला होतं."

"मग ह्यांचं लाल आहे ते थोतांड, आणि तुमचं हिरवं आहे ते शास्त्र? असं कसं? एकाच नळीवाल्याकडचं आहे दोन्ही."

"तुला काय म्हणायचंय?"

"ह्यांना काही झालेलं नाही," भावजय म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तपासणी तुमची करायची होती. चांगल्या डॉक्टरचं नाव काढलं असतं तर तुम्ही दातओठ खात अंगावर आला असता. थट्टा करायला मिळेल म्हणून तिथे तरी याल, ते काहीतरी शोधतील, मग पुढे नेता येईल, असं मला मूर्खाला वाटलं. त्या मेल्याने तुम्हालाच उत्तम ठरवलं!"

"तू वर चल," धाकटा उठून म्हणाला.

"का चल? आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणून तुम्ही बसा गप्प. तुम्ही झेला त्यांची थुंकी. मी नाही झेलणार." ती मोठ्याकडे वळली. "हिरडी बघून हात ओळखता ना तुम्ही? ती खिळ्यावरची कवळी खाली काढा आणि एकदा बघा."

धाकट्याने तिचा हात धरला आणि जवळजवळ ओढतच तिला जिन्याने वर नेलं.

मोठा खालीच राहिला. उचलली जीभ लावली टाळ्याला, तो मनात म्हणाला. बाईमाणसाला काय कळतंय हिरडीतलं. तरीही त्याने स्टूल ओढलं. तिचे दात तिच्याच घशात घालावेत, कवळी तिच्या पुढ्यात आपटून दाखवावी, एवढाच त्याचा विचार होता. स्टुलावर चढून त्याने तार सोडवली. कवळीवर धुळीचा थर होता. वर्ष होत आलं, रोज तिच्याकडे बोट दाखवून तो हसला होता, पण परत आली त्या दिवसानंतर त्याने ती हातात म्हणून घेतली नव्हती. हसायला जवळ जावं लागत नाही.

खिडकीपाशी नेऊन त्याने ती ओल्या बोटाने पुसली. दोन उजवे सुळे वर आले आणि सवयीने त्याच्या ओठावर हसूही आलं. मग नजर हिरडीवर गेली. दाताच्या मुळाशी कोरलेली कमान, कमानीच्या टोकाला बारीक शेपूट. शेपूट उलट पडलं होतं.

त्याने भिंग घेतलं. सगळ्या दातांची शेपटं उलट. त्याने धाकट्याच्या टेबलावरून त्याची अर्धवट कवळी उचलली आणि शेजारी धरली. तिची सगळी शेपटं दुसऱ्या बाजूला. धाकट्याने नक्कल केली असेल, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. मेणाचा एक तुकडा घेऊन, सुरी उजव्या हातात धरून, तसं शेपूट काढून पाहिलं. निघेना. उजव्या हाताने ते निघत नाही, हे त्यानेच आयुष्यभर जगाला ऐकवलं होतं.

मग त्याने ती कवळी कधी केली ते आठवून पाहिलं. आठवेना. न्यायाधीशांचा साचा आला तो दिवस, मेण, तयार दातांच्या पट्ट्यांतून सुळे निवडणं, काहीच नव्हतं. तिथे एक गुळगुळीत भिंत होती. चूक झाली ह्याचं त्याला फारसं वाटलं नसतं. चूक नाकारायला तो खंबीर होता. पण जी आठवतच नाही ती नाकारायची कशी? त्याला भीती वाटली. एवढी भीती त्याला आईवडील गेले तेव्हाही वाटली नव्हती, कारण तेव्हा धाकट्याला कडेवर घ्यायचं होतं.

तयार मालाच्या फळीवर त्या आठवड्यातलं काम मांडलेलं होतं. आपल्या वाट्याच्या कवळ्या त्याने एकेक करून भिंगाखाली घेतल्या. एकीची शेपटं त्याची. दुसरीची नाहीत. तिसरीची नाहीत. चौथी अर्धी त्याची आणि अर्धी सुधारलेली, त्याच्या कमानीवर नवं मेण चढवून पुन्हा कोरलेली, सफाईने, कुणाला कळू नये अशी. कुणाला म्हणजे कुणाला, हे त्याला आता समजलं.

हातोड्याचा आवाज ऐकून धाकटा खाली आला. मोठा स्वतःच्या टेबलासमोर, खिडकीच्या चौकटीत, अहवालाच्या कागदातून आरपार खिळा ठोकत होता. हिरव्या पट्ट्यांच्या मधोमध त्याने कवळी टांगली. मग हातोडा टेबलावर ठेवून बसला.

"किती सुधारल्यास?" त्याने विचारलं.

"मोजल्या नाहीत."

"केव्हा करतोस?"

"तू झोपल्यावर."

"म्हणून दिवसा पेंगतोस."

धाकटा "हं" म्हणाला.

"गाढवा," मोठा म्हणाला, "अरे, मी साऱ्या शहरासमोर तुझं माकड केलं. वर्षभर. एकदा तरी तोंड उघडायचं होतंस."

धाकटा स्टुलावर टेकला. तो दिव्याशी चाळा करू लागला. "ती गोष्ट सांगताना तू हसायचास," तो म्हणाला. "दुसऱ्या कशानेच हसत नव्हतास, दादा. वस्तू सापडली नाही की घाबरायचास, आणि मग चिडायचास. म्हटलं, हसतोय तर हसू दे."

मोठ्याचा चेहरा वाकडा झाला. त्याला रडता येत नव्हतं. सवय नसलेल्या माणसाचं रडणं फार बेंगरूळ असतं, तसं ते होतं. त्याने मेणाच्या फडक्याने नाक पुसलं आणि गालाला मेण लागलं. जगात त्याला सगळ्यांत जास्त किळस थुंकी झेलणाऱ्यांची होती, आणि त्याची स्वतःची थुंकी वर्षभर, रोज, त्याच्याच भावाने तोंडावर झेलली होती. जी काही तुच्छता त्याने जन्मभर साठवली होती, ती सगळी आता एकाच माणसाला, त्याला स्वतःलाच, पुरून उरत होती.

भावजय चहाचा कप घेऊन जिन्यात उभी होती. मोठ्याने तिच्याकडे न बघता सांगितलं, "चांगला डॉक्टर बघ. मेंदूचा. दात कसेही असले तरी चालतील."

"उद्या दुपारची वेळ घेतलीय," ती म्हणाली.

"आणि तुम्ही दोघं त्या नोकरीवर जा. मी सांगतोय म्हणून जा. हा इथे राहिला तर माझ्यापायी मरेल."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं.  जायचंय हे पहिल्यापासून तीच म्हणत होती, आणि आता जा म्हटल्यावर तिला होही म्हणता येईना, नाहीही म्हणता येईना. कळवायला अजून दोन दिवस होते. ती पायऱ्या उतरून आली आणि तिने मोठ्यापुढे चहा ठेवला. त्याने तो निमूटपणे घेतला. पहिल्यांदाच चहाला नावं ठेवली नाहीत.

सकाळी डॉक्टरीणबाईंचा माणूस माल न्यायला आला. भावजय पाकिटं भरत होती. धाकटा साचा कापत होता; रात्री तो झोपला होता, आणि ते तोंडावर दिसत होतं. त्या माणसाने सवयीने धाकट्याच्या टेबलावरच्या भिंतीकडे बघितलं, तिथे नुसता खिळा होता.

"मास्तर, कवळीची जागा बदलली का?"

मोठ्याने मान वर केली. समोर चौकटीत लटकणारी कवळी त्याला दिसली आणि त्याचे डोळे चमकले.

"तुला दोन उजवे माहीत नाहीत?" तो म्हणाला.

धाकट्याच्या हातातली करवत थांबली. मोठा खुर्चीत मागे रेलला आणि न्यायाधीश कसे हसले इथपासून त्याने सुरुवात केली. काहीही गाळलं नाही. डावीकडून कोण दात विचकत होतं ते करून दाखवलं, धाकट्याकडे बोट दाखवलं, डावा आणि उजवा इथे आला आणि स्वतःच खदखदून हसला. तो माणूसही हसला. त्याने धाकट्याकडे बघितलं.

"हो, माझीच आहे ती," धाकटा म्हणाला, आणि करवत पुन्हा चालवू लागला.

डोळे पुसत मोठा कामाकडे वळला. सुरी घ्यायला हात पुढे केला तो हातोड्यावर पडला. त्याने हातोडा उचलला, उलटासुलटा करून पाहिला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विझलं आणि तिथे ती जुनी, घाबरलेली चीड वर यायला लागली.

"माझ्या टेबलावर हातोडा कुणी ठेवला?"

धाकट्याने तोंड उघडलं. पण त्याच्या आधीच भावजय पाकिटं खाली ठेवून उठली होती. ती टेबलापाशी गेली आणि तिने त्याच्या हातातून हातोडा अलगद काढून घेतला.

"मी ठेवला," ती म्हणाली. "माझंच चुकलं, दादा."